दीड किलो

"पत्ता सांगा की बाई. कुठं पाठवायचं हे पार्सल?"

पार्सलच्या गोदामातला गोदामवाला असं म्हणाला आणि आपल्याच विनोदावर आपणच खो खो हसला. काट्यावर उभी असलेली बाईही हसली. सात महिन्यांचं पोट पुढे घेऊन ती त्या लोखंडी पाटावर अनवाणी उभी होती. हातात डायरी, कानामागे पेन.

"पत्ता अजून ठरायचाय," ती म्हणाली. "तोवर वरती 'काच आहे, जपून' एवढं लिहून ठेवा."

"आणि पाठवणाऱ्याचं नाव?"

"ते त्यालाच विचारा. तो पाव भाजतोय."

गोदामवाला पुन्हा हसला आणि तिच्यासाठी पाणी आणायला आत गेला. तिने खाली मान घालून आकडा बघायचा प्रयत्न केला. मध्ये पोट आलं. मग थोडी तिरकी होऊन तिने बघितलं. त्रेसष्ट किलो आठशे.

तिने डायरीचं मागचं पान काढलं. या फेरीत तिला पेलणारा हा पहिलाच काटा होता; आधीचा, चार आठवड्यांपूर्वीचा आकडा चौसष्ट किलो दोनशे होता.

ती खाली उतरली. काटा शून्यावर येऊ दिला. पुन्हा चढली. त्रेसष्ट आठशे.

दुसरं कुणी असतं तर 'बिघडलाय मेला' म्हणून काट्याला एक लाथ घालून मोकळं झालं असतं. हिला ती सोय नव्हती. अर्ध्या तासापूर्वी हिनेच तो काटा तपासला होता. आधी चार कोपऱ्यांवर वीस-वीस किलोचे ठोकळे, मग मधोमध, मग एकेक किलो चढवत. काटा कुठेच चुकला नव्हता. त्याच्या अंगावर हिच्याच सहीची हिरवी पट्टी होती आणि तिच्याखालचा डिंक अजून ओला होता.

दुकानं, गोदामं, दवाखाने, गिरण्या, जिथे जिथे काटा असेल तिथे तो खरं बोलतो की नाही हे बघायचं, हे तिचं काम. चौदा वर्षं झाली. लोक तिला काटेवाली म्हणत. पुढ्यात 'काटेवाल्या बाई', पाठीमागे जे म्हणत असतील ते. महिन्याकाठी एक फेरी, फेरीत बारा-पंधरा गावं. घरी मात्र तिच्याकडे काटा नव्हता आणि याचं तिला काही वाटतही नव्हतं. न्हाव्याचे स्वतःचे केस वाढलेलेच असतात, तसं. म्हणून दिवस राहिल्यापासून तिने एक सवय लावून घेतली होती. माणसाला पेलणारा काटा तपासून झाला, की चपला काढून स्वतः त्यावर चढायचं आणि डायरीच्या मागच्या पानावर गाव, तारीख आणि आकडा लिहायचा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, "फिरतीला माझी हरकत नाही. पण वजन बघत राहा. ते वाढत राहिलं पाहिजे."

गोदामवाला पाणी घेऊन आला. "किती भरलं पार्सल?"

"भरलं बरोबर," ती म्हणाली आणि पाणी न पिताच पेला परत दिला.

बाहेर गाडीपाशी मामा ठोकळे चढवत होते. गाडी चालवणारे मामा. तिचे कुणी सख्खे लागत नव्हते, पण चौदा वर्षं एका गाडीत बसल्यावर सख्खं आणि चुलत असं फारसं उरत नाही. मामांच्या हातात पांढरे सुती मोजे होते. काटेवालीची खरी दौलत म्हणजे पितळी वजनांची पेटी. आत निळं मखमल, त्यात खोबणी, आणि प्रत्येक खोबणीत आरशासारखं झळकणारं एकेक वजन. त्यांना उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटांचं तेल लागलं, की वजन बदलतं. बदलतं ते केसाएवढं, पण खोटं ते खोटंच. मामा स्वतः काही तपासत नसत, पण मोज्यांच्या बाबतीत ते तिच्याहून कडक होते. एकदा एका दुकानदाराने कौतुकाने पितळी वजनाला बोट लावलं, तेव्हा मामा असे ओरडले होते की माणसाने हात भाजल्यासारखा मागे घेतला.

पाचवा महिना लागला त्या दिवशी मामांनी फर्मान काढलं होतं : "आजपासून पेटीला हात लावायचा नाही. ठोकळ्यांचा तर विचारही करायचा नाही. तुम्ही नुसतं बोट दाखवा, मी ठेवतो."

"मामा, तुमची कंबर?"

"माझी कंबर माझ्यापाशी. तुमचं तुम्ही सांभाळा."

ती गाडीत चढली. तिचा खात्याचा निळा कोट मामांच्या सीटमागे खुंटीला लटकत होता. मागच्या फेरीपर्यंत त्याची बटणं कशीबशी लागत होती. या फेरीला कोटानेच हात टेकले.

"काय झालं?" मामांनी आरशातून विचारलं.

"कुठं काय?"

"गोदामवाल्याचा चहा पण नाही घेतलात."

"आंबट ढेकर येतायत."

हे खोटं होतं. रोज दुसऱ्यांचं खोटं पकडणाऱ्या माणसाला स्वतःला नीट खोटं बोलता येत नाही. मामांनी आरशात जरा जास्त वेळ बघितलं, पण गाडी सुरू केली.

*

पुढचं काम खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात होतं. तिथला काटा तिने तपासला, पट्टी लावली, सही केली. हात आपापलं काम करत होते. डोकं मात्र त्याच दोन आकड्यांवरून मागेपुढे चालत होतं.

एक तर आजचा काटा खोटा. पण तो खरा होता, तिने बघितलं होतं.

नाहीतर मागच्या फेरीतला काटा खोटा. तो एका छोट्या दवाखान्यातला होता, आणि तोही तिनेच पास केला होता. म्हणजे तिने हलगर्जीपणा केला, आणि महिनाभर त्या दवाखान्यात बायाबापड्या, पोरंबाळं खोट्या काट्यावर चढत राहिली.

आणि ते दोन्ही खरे असतील, तर मग उरत होतं ते एकच. ते शब्दांत आणायला ती तयार नव्हती.

चौदा वर्षांत पहिल्यांदाच काटेवाली मनापासून इच्छित होती की आपल्या हातून कामात चूक झालेली असावी.

काम उरकून गाडीत बसल्यावर, पोटात सकाळपासून हालचाल होती की नव्हती, हेही तिला धड आठवेना. त्या गाडीत बसल्यावर कोण हलतंय हे कळायची सोयच नव्हती. तिने तळवा पोटावर दाबून ठेवला. रस्ता खडबडीत होता. सगळंच हलत होतं.

तीन वर्षांपूर्वी असंच एका फेरीवर असताना तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. तेव्हा तिने उरलेली तीन गावं पुरी केली, घरी गेली, आणि मग नवऱ्याला सांगितलं. तो बेकरीतून नुकताच आला होता, हाताला पीठ होतं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "तीन दिवस? एकटीच?" आणि पीठ तसंच ठेवून कितीतरी वेळ बसून राहिला. पुन्हा असं करणार नाही, असं तिने त्याला कबूल केलं होतं. त्या वेळचा आकडा तिच्या कुठल्याच डायरीत नव्हता. तेवढ्याला काटा लागत नाही.

आणि आज दुपारी चारच्या बसने तोच नवरा तळ्याच्या गावी उतरणार होता. लग्नाला सहा वर्षं झाली, पण दोघं मिळून मजेसाठी म्हणून कुठे गेली नव्हती. ती महिन्यातले दहा दिवस फिरतीवर. तो रात्रभर भट्टीपुढे आणि दिवसा झोपलेला. तिने शेकडो गावं बघितली होती, पण सगळी काट्यापुरती. त्या तळ्याच्या गावातही ती सहा वेळा जाऊन आली होती आणि तळं बघितलं नव्हतं. ही तिची शेवटची फेरी. आज काम संपलं, की दोन दिवस तळ्याकाठच्या विश्रामगृहात, बाल्कनीची खोली. नंतर घरी, मग बाळंतपण. पेटी मोठ्या प्रयोगशाळेत जाणार होती. तिथे वर्षातून एकदा वजनांचीही वजनं होतात. तिथून ती दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जाणार होती.

दुकानातून निघाल्यावर पाच मिनिटांनी ती म्हणाली, "मामा, गाडी वळवा. दवाखान्यात जायचंय."

मामांनी करकचून ब्रेक मारला. मागे ठोकळे खणखणले. "दुखतंय का? कुठं दुखतंय?"

"मला काही होत नाहीये हो. त्या छोट्या दवाखान्यातला काटा पुन्हा बघायचाय. मागच्या फेरीतला."

"तो पास झालाय."

"माहितीय. मीच केलाय."

"मग?"

"मग काय? शंका आलीय."

मामांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागे वळून बसले. "चौदा वर्षांत तुम्हाला कधी शंका आली नाही. आज सुट्टी लागायच्या दिवशी आली. साठ किलोमीटर उलट. तिकडं जावईबापू चारच्या बसनं उतरून कबुतरासारखे बसून राहणार. आणि हे सगळं कशासाठी, तर दवाखान्याचा काटा."

"हो."

"बरं," मामा म्हणाले. "तुम्ही म्हणताय तर काटा."

आणि त्यांनी गाडी वळवली.

वाटेत तिने नवऱ्याला फोन लावला. "मला उशीर होईल. एक काम राहिलंय."

"होऊ दे की. मी बसमध्येच आहे. तुझ्यासाठी पाव घेतलाय, सकाळचा. मऊ राहावा म्हणून मांडीवर घेऊन बसलोय. शेजारची म्हातारी विचारतेय, लहान बाळ आहे का." तो हसला. मग म्हणाला, "सगळं ठीक ना?"

"सगळं ठीक," काटेवाली म्हणाली.

दिवसातलं हे दुसरं खोटं. ते तिला पहिल्याहून जड गेलं.

*

छोट्या दवाखान्यात दुपारची वेळ होती. बाकावर कुणी नव्हतं. मोठ्या सिस्टर चष्मा कपाळावर चढवून कापसाचे बोळे करत बसल्या होत्या. नोकरीतून निवृत्त व्हायला त्यांना दोन वर्षं उरली होती आणि ते त्या प्रत्येकाला सांगत.

"अगं, तू? पट्टी तर आत्ताच लावून गेलीस."

"पुन्हा बघायचाय, सिस्टर. पाच मिनिटं."

"बघ बाई. तुझाच आहे तो. आम्ही नुसते चढतो."

मामांनी ठोकळे आणले. तिने बोट दाखवलं, त्यांनी ठेवले. वीस. चाळीस. साठ. मग पेटीतली पितळी वजनं, एकेक करून. ती आकड्यांकडे अशी बघत होती की मामांनी एकदोनदा हातातलं वजन तसंच धरून ठेवलं. चूक, चूक, एखादी चूक. पावशेराची तरी. काहीतरी दे, असं ती त्या काट्याला मनातल्या मनात सांगत होती. आयुष्यात तिने कुठल्याही काट्याकडे लाच मागितली नव्हती.

काटा अगदी बरोबर होता.

"झालं?" सिस्टरनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली, आणि बाकावर जी बसली ती उठलीच नाही.

सिस्टरनी कापूस बाजूला ठेवला. चष्मा कपाळावरून नाकावर आला. "अगं, तोंड केवढंसं झालंय तुझं. काय झालं?"

मग तिने डायरी पुढे केली. मागचं पान. बोट एका आकड्यावर, मग दुसऱ्यावर.

सिस्टरनी दोन्ही आकडे वाचले. 'अरे देवा' म्हणाल्या नाहीत, 'काही नसतं गं' असंही म्हणाल्या नाहीत. त्या फक्त उठल्या आणि म्हणाल्या, "चल आत. मामा, तुम्ही बाहेर. पडद्याच्या अलीकडं यायचं नाही."

आतल्या टेबलावर तिला आडवं करून त्यांनी पोटावरून टेप लावली. कापडी, पिवळी, टोकाला झिजलेली. "आठवडे किती?"

"तीस."

"टेप म्हणतेय तीस सेंटीमीटर. जितके आठवडे, तितके सेंटीमीटर. मग?"

काटेवालीने हात पुढे केला. "बघू ती टेप."

"का गं?"

"कापडी टेपा ताणल्या जातात. जुनी झाली की—"

"धन्य आहे बाई तुझी," सिस्टर म्हणाल्या आणि टेप खरंच तिच्या हातात दिली. "घे, तपास. पट्टी लाव, सही कर. तोवर मी माझं काम करते."

त्यांनी लाकडी नळी काढली. एक टोक पोटावर, दुसऱ्याला कान. खोली एवढी शांत झाली की बाहेर मामांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. मामा इकडून तिकडे फेऱ्या घालत होते. सिस्टर ऐकत राहिल्या. काटेवालीच्या हातातली टेप तशीच राहिली. सिस्टरनी घड्याळाकडे बघितलं, ओठ हलवत मोजलं, नळी किंचित सरकवली. तेवढ्यात नळी आपोआप उडाली.

"लाथ मारली मला," सिस्टर म्हणाल्या. "कानावर. घे, अजून काय पुरावा पाहिजे?"

तीही ती लाथ आतून ओळखत होती. तिने डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात गेलं आणि तिला गुदगुल्या झाल्या. हसू आणि रडू एकदमच आलं, म्हणून दोन्ही नीट झाली नाहीत.

"ठोके उत्तम. वाढ बरोबर." सिस्टरनी दोन्ही तळव्यांनी पोट अलगद चाचपलं. चाळीस वर्षं हेच काम केलेले हात होते ते. "दीड किलोच्या आसपास असेल आता. हाताला तरी तसंच लागतंय. तुझ्या डॉक्टरीणबाईंना सोमवारी दाखव, त्या त्यांच्या यंत्रावर बघतील. पण आज जा, मजा कर."

"मग वजन का उतरलं?"

"ते मला काय ठाऊक? काटे तुझे."

पडद्यापलीकडे मामा खोकले. एकदा, मग पुन्हा.

"बाई, एक बोलू का?"

"मामा, तुम्ही ऐकताय?"

"ऐकत नाहीये. कानावर येतंय." मामांच्या चपला पडद्याजवळ आल्या. "मागच्या फेरीला तुम्ही काट्यावर कोट घालून चढला होतात."

"हो, मग? कोट काय दोन किलोचा असतो?"

"कोट नाही. कोटाचे खिसे."

काटेवाली हळूहळू कोपरांवर उठून बसली.

झालं होतं ते असं. पाचव्या महिन्यात मामांनी फर्मान काढलं आणि पेटी स्वतःच उचलू लागले. त्यांची कंबर तिला ठाऊक होती. गाडीतून उतरताना ते एक हात कंबरेवर ठेवून 'हं' असा आवाज काढत आणि तो कुणी ऐकला नाही असं समजत. म्हणून ती रोज सकाळी मामा तोंड धूत असताना पेटीतली दोन वजनं काढायची. एकेक किलोची. मऊ फलालीनच्या फडक्यात गुंडाळून कोटाच्या दोन खिशांत एकेक टाकायची, म्हणजे पेटी तेवढीच हलकी. गरज पडली, की मामांची पाठ वळल्यावर हळूच परत. प्रमाण वजनं खिशात घालून हिंडणं हा खात्याच्या नियमाने केवढा गुन्हा होता, हे तिच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तपासणी संपली, की तोच कोट अंगात, तेच खिसे भरलेले, आणि बाई चपला मात्र आठवणीने काढून काट्यावर उभी. या फेरीला बटणं लागेनात म्हणून कोट खुंटीला गेला, आणि वजनं मुकाट पेटीत राहिली.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिने पडद्याकडे बघून विचारलं.

"पेटी रोज मी उचलतो," मामा म्हणाले. "दोन किलो कमी झालेली मला कळणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाटत होतं, मामाला कळत नाही. म्हटलं, वाटू दे. तुम्हाला तेवढंच बरं वाटत असेल तर."

सिस्टरनी तोवर कापसाच्या पुड्यावर पेनने हिशेब मांडला होता. "चौसष्ट दोनशेतून पितळेचे दोन वजा. कोटाचा अर्धा वजा. राहिले एकसष्ट सातशे. आज त्रेसष्ट आठशे. म्हणजे महिन्यात दोन किलो शंभर वाढलीस. अगदी पाहिजे तेवढी." त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "एकूण काय, मागचे दोन महिने तू पितळ घेऊन गरोदर होतीस."

काटेवाली हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून. पाचव्या महिन्यात एकदम दोन किलो जादा वाढ झाली, तेव्हा नवऱ्याने आनंदाने अख्ख्या बेकरीत गोड बन वाटले होते, हे तिला आठवलं. पडद्यापलीकडे मामाही हसत होते, कंबरेवर हात ठेवून. ते तिला न बघताही दिसत होतं.

*

तळ्याच्या गावी पोचेपर्यंत साडेसहा वाजले. नवरा बसथांब्याच्या बाकावर बसला होता. एका मांडीवर पिशवी, दुसऱ्या मांडीवर कागदात गुंडाळलेला पाव. गाडी बघून तो उठला, आणि पाव खाली ठेवायचा की नाही हे न कळून तसाच उभा राहिला.

त्याची आणि तिची ओळखही काट्यानेच करून दिली होती. सात वर्षांपूर्वी तिने त्याच्या बेकरीचा काटा नापास केला होता, वीस ग्रॅमसाठी. तो म्हणाला होता, "काटा चुकत असेल. माझा हात चुकत नाही." मग त्याने डोळे मिटून कणकेचे पाच गोळे तोडले आणि पाचही चारशे-चारशे ग्रॅमचे निघाले. तिने तरीही लाल पट्टी लावली. पुढच्या महिन्यात तिने तो काटा पुन्हा तपासला, जरुरी नसताना.

विश्रामगृहाच्या बाल्कनीत बसून तिने त्याला सगळं सांगितलं. समोर तळं होतं. कडेने दिवे लागत होते. तो बनांच्या गोष्टीला मोठ्याने हसला. म्हणाला, "म्हणजे मी पितळेचं बारसं केलं!" मग पावाचा एक तुकडा तोडून हातात धरून राहिला.

"सकाळी किती वाजता कळलं तुला?"

"दहाला."

"आणि सिस्टरकडं किती वाजता गेलीस?"

"तीनला."

"फोन केलास तेव्हा मी विचारलं होतं."

"हो."

"पाच तास," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तिला ऐकवेना. "बाई गं, तू मला काहीच उचलू देत नाहीस."

त्याने तो तुकडा तिच्या हातात दिला. दोघांनी तो पाव संपवला, नुसताच, तळ्याकडे बघत. थोडा कडक झाला होता, पण चांगला होता.

*

सकाळी ती पायडलच्या होडीत बसणार होती. होडीवाल्याने आणलेल्या नारिंगी जाकिटाचा पट्टा तिच्या पोटावरून काही केल्या लागेना. "पट्टा नाही तर होडी नाही," होडीवाला म्हणाला. "नियम आहे." नियमाची बाब निघाली तेव्हा काटेवालीने मान डोलावली आणि मुकाट्याने धक्क्यावर पाय पाण्यात सोडून बसली. नवरा एकटाच होडी घेऊन तिच्यासमोर गोल गोल फिरला. त्याला सरळ चालवता येत नव्हती. प्रत्येक फेरीत तो धक्क्याला आपटायचा आणि जणू ठरवूनच आपटलो असा चेहरा करायचा. पाणी गार होतं. पायांची सूज उतरल्यासारखी वाटत होती. इतक्या वर्षांत कुठल्या गावात इतका वेळ नुसतं बसल्याचं तिला आठवत नव्हतं. आत लाथ बसली. एक, मग एक. ती मोजत बसली नाही.

नऊ वाजता मामा निघाले. पेटी प्रयोगशाळेत पोचवायची होती. इंजिन सुरू झालं होतं. ती निरोप द्यायला गेली, नवरा ओल्या विजारीने मागोमाग.

"मामा, पेटी उघडा जरा."

मामांनी उतरून मागचं दार उघडलं, पेटीची कडी काढली. निळ्या मखमलीत सगळी वजनं आपापल्या जागी होती. मामांनी सवयीने खिशातून मोजे काढून तिच्यापुढे धरले.

तिने मोजे घेतले नाहीत. उघड्या हाताने तिने एक किलोचं वजन उचललं, मग त्याशेजारचं अर्ध्या किलोचं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच. तिला वाटलं होतं त्याहून ते गुळगुळीत होतं आणि गार होतं. तिच्या बोटांचे ठसे त्याच्यावर धुक्यासारखे उमटले.

मामांचं तोंड उघडलं. मग मिटलं. त्यांनी मोजे नीट घडी करून पुन्हा खिशात घातले.

ती नवऱ्याकडे वळली. "हात पुढं कर. दोन्ही. डोळे मीट."

त्याने हातांची ओंजळ केली. तिने दोन्ही वजनं त्यात ठेवली.

"सांग किती."

त्याने हात किंचित वर-खाली केले, कणकेचा गोळा जोखतात तसे. "दीड," तो म्हणाला.

"दीड," ती म्हणाली. "सिस्टर म्हणाल्या, आत्ता साधारण एवढं आहे."

त्याने डोळे उघडले नाहीत. हात खाली-वर व्हायचे थांबले. मग कुणी काही सांगितलं नसताना त्याने डावा तळवा जरा वर सरकवला, मोठ्या वजनाखाली, मान धरतात तसा, आणि दोन्ही हात छातीशी घेतले.

"दे इकडं, मामांना उशीर होतोय," ती हळूच म्हणाली.

त्याने ऐकलं की नाही, कळलं नाही.

मामांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग ते पुढे जाऊन सीटवर बसले आणि त्यांनी इंजिन बंद केलं.